शिट्टी एकाची, गलका सगळ्यांचा

मुलांनो, बास्केटबॉलचा सामना तुम्ही कुठून बघता? कुणी पायऱ्यांवर बसून, कुणी जाळीला नाक लावून, तर कुणी सरळ भिंतीवर चढून! मी मात्र टेबलाशी बसून बघते. मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यरेषेसमोर एक टेबल मांडलेलं असतं ना, त्याच्यामागे. तिथं बसून मी स्कोअरशीट लिहिते.

आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, तुम्ही तर चौथीला शिकवता. तुमचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध?" खरं आहे बाबांनो. मी आपली डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका. उंचीही बेताचीच. बास्केटची रिंग असते ३.०५ मीटर उंच, तिथवर माझा हात या जन्मी पोचायचा नाही! पण आमच्या गारखेड्याला खेळाचं भारी वेड. सूतगिरणी चौकाकडे विभागीय क्रीडा संकुल आहे, तिकडे पाठीला सॅक अडकवून निघालेली पोरं सकाळ-संध्याकाळ दिसतात. शाळाशाळांच्या स्पर्धा निघाल्या की खेळाडू मिळतात, पंच मिळतात, पण स्कोअर लिहायला माणूस काही मिळत नाही. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलंय, बसा जरा," असं म्हणून एका वर्षी कुणीतरी मला टेबलाशी बसवलं. तेव्हापासून मी बसतेच आहे.

स्कोअरशीट ही मोठी मजेची गोष्ट असते, बरं का! पहिल्या आणि तिसऱ्या पावात म्हणजे क्वार्टरमध्ये ती लाल पेनाने लिहायची, दुसऱ्या आणि चौथ्या पावात निळ्या किंवा काळ्या. लाल पेन हातात आलं की माझ्यातल्या शिक्षिकेला घरी आल्यासारखं वाटतं! प्रत्येक खेळाडूपुढे फाउलचे पाच चौकोन असतात. पाच भरले की गडी बाहेर. शिवाय दर पावात अख्ख्या संघाच्या फाउलचे चार चौकोन असतात. ते भरले की त्यानंतरच्या प्रत्येक बचावाच्या फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो. म्हणजे पंचांच्या एकेका शिट्टीला किती किंमत आहे बघा.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन संघांचे बाक. तिथं त्यांचे प्रशिक्षक, म्हणजे तुमच्या भाषेत कोच. लांब बसलेल्या प्रेक्षकांना कोचचे फक्त हातवारे दिसतात. मला शब्दही ऐकू येतात. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या चांगली ध्यानात आली आहे. सामन्यात कोच आपल्या खेळाडूंशी बोलतात त्यातलं बरंचसं बोलणं खरं म्हणजे खेळाडूंसाठी नसतंच. ते असतं पंचांसाठी!

कसं, ते सांगते. पण आधी थोडा इतिहास. कंटाळू नका हं, छोटासाच आहे.

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकानेच शोधून काढला. त्यांचं नाव जेम्स नेस्मिथ. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी, डिसेंबर १८९१ मध्ये. बाहेर थंडी, पोरं कोंडलेली, मग काय करायचं? त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. त्या नियमांत दोन अधिकारी होते. एकाने माणसांवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने चेंडूवर. कोचचा मात्र त्या १३ नियमांत पत्ताच नाही! पुढे कोच आले. ते बाकावरून सारखे सूचना देऊ लागले, तेव्हा १९१० मध्ये अमेरिकेत नियम झाला की खेळ चालू असताना कोचने बोलायचं नाही. तिथल्या कॉलेजांच्या सामन्यांत तर टाइम आउटमध्येही कोचला आपल्या खेळाडूंशी बोलता येत नसे. ती परवानगी मिळाली थेट १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. आज तुम्ही कोचचा आरडाओरडा ऐकता ना, तेव्हा हे आठवा. तोंडाला कुलूप लावून बसणारे कोचही एके काळी होते!

आज नियम थोडे सैल आहेत, पण आहेत. मुख्य कोच आणि पहिला सहायक यांच्यापैकी एकानेच एका वेळी उभं राहायचं. टेबलाशी बोलायचं तर चेंडू थांबलेला आणि घड्याळ बंद असताना, तेही फक्त गुण, फाउल, वेळ असली माहिती विचारायला. पंचांना काही विचारायचं असेल तर ते संघाच्या कर्णधाराने, सभ्यपणे, खेळ थांबलेला असताना. कर्णधार म्हणजे कोण? तुमच्याच वयाची एखादी मुलगी किंवा मुलगा! मोठ्या माणसाच्या आधी हा मान नियमाने कर्णधाराला दिला आहे.

आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात काय काय चालतं ते आता ऐका.

पहिला प्रकार ओरडणाऱ्यांचा. हा तर सगळ्यांच्या ओळखीचा. "ओ सर, दिसत नाही का?" आपल्या शहरात हे हिंदीतही होतं, "सर, इधर भी देखो जरा!" प्रत्येक शिट्टीला दोन्ही हात आभाळाकडे. जणू त्या शिट्टीने यांचं घरच लुटलं!

दुसरा प्रकार गोड बोलणाऱ्यांचा. सामन्याआधी पंचांना चहा विचारायचा, तब्येत विचारायची, मागच्या स्पर्धेत त्यांनी किती छान काम केलं ते सांगायचं. मग सामना रंगात आला की हळूच, "सर, तुम्ही तर जाणकार आहात, तुम्हाला काय सांगायचं!" असं म्हणत बरंच काही सांगायचं.

तिसरा प्रकार आधीच कानात घालून ठेवणाऱ्यांचा. "सर, त्यांची सात नंबर फार ढकलते हं. लक्ष असू द्या." सामना सुरूसुद्धा झालेला नसतो, आणि त्या बिचाऱ्या सात नंबरवर पंचांची नजर चिकटून बसते.

चौथे गर्दी उठवणारे. हे स्वतः काही बोलतच नाहीत. फक्त मागे वळून बघतात. झालं! राखीव खेळाडू, पालक, शाळेतून आलेली पोरं, सगळ्यांचा एकच गलका सुरू.

पाचवे नाटक शिकवणारे. "धक्का लागला की पड, आणि जोरात पड." नियमात पडल्याच्या नाटकालाही शिक्षा आहे, पण ते नाटक ओळखायला पंचांचे डोळे फार तीक्ष्ण लागतात.

आणि सहावे हिशेब ठेवणारे. मला विचाराल तर हे सगळ्यांत हुशार. ते ओरडत नाहीत की हात उडवत नाहीत. ते माझ्या टेबलाशी येतात आणि नम्रपणे विचारतात, "मॅडम, आमचे फाउल किती? चार? आणि त्यांचे? एकच?" हे सगळं अशा आवाजात, की शेजारून जाणाऱ्या पंचांना बरोबर ऐकू जावं! माहिती विचारायला नियमाची परवानगी आहे, त्यामुळे कुणाला बोट ठेवता येत नाही. पण बोललेलं मला उद्देशून नव्हतं, हे मलाही कळतं आणि पंचांनाही.

आता खरा प्रश्न. याचा उपयोग होतो का?

तुम्हाला शाळेत सांगतात, आरडाओरडा करून काही मिळत नाही. मीही वर्गात सांगते. पण खेळाच्या बाबतीत तुमच्याशी खरं बोलायला हवं. थोडा उपयोग होतो.

इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी एक छान प्रयोग केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ४० फुटबॉल पंचांना एका सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले आणि विचारलं, यात फाउल आहे का? काही पंचांना चित्राबरोबर प्रेक्षकांचा आवाज ऐकवला, बाकीच्यांना फक्त चित्र दाखवलं. चित्र तेच, प्रसंग तेच. तरी ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले! ते पंच अडाणी नव्हते की लबाड नव्हते. परीक्षा पास झालेले पंच होते. गलक्यामुळे त्यांचं मन जरासं डगमगलं, एवढंच.

बास्केटबॉलचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने दोन अभ्यासकांनी तपासले. त्यांना काय आढळलं? एका संघाचे फाउल जास्त झाले की पुढचा फाउल दुसऱ्या संघावर लागण्याची शक्यता वाढते. फरक जितका मोठा, तितकी ही शक्यता जास्त. म्हणजे माझ्या टेबलाशी येऊन हिशेब विचारणाऱ्या त्या कोचना हे सगळं अभ्यास न वाचताच ठाऊक होतं!

असं का होत असेल? पंचांना वाटतं, आपण पक्षपाती दिसू नये. चार एक, चार एक असं कानावर पडत राहिलं की आकडे जुळवावेसे वाटतात. पण मुलांनो, जरा विचार करा. मी दोन वह्या तपासायला घेतल्या. एका वहीत आठ चुका आहेत, दुसरीत दोन. मी दोन्हींत पाच-पाच चुका दाखवल्या तर तो न्याय झाला का? आठवाल्याला बरं वाटेल, आणि ज्याने मन लावून अभ्यास केला त्याच्या वहीत न केलेल्या तीन चुका येऊन बसतील. जो संघ जास्त ढकलाढकली करतो, त्याचे फाउल जास्त होणारच. त्यात पंचांचा काय दोष?

म्हणजे गलक्याची किंमत कुणी तरी मोजतंच. ती मोजतो गप्प बसणारा संघ.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी ते टेबलाशी बसून पाहिलं. मैदान कुठलं, शाळा कुठल्या, ते सांगणार नाही. १४ वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. दोन पंच होते. एक जुने, जाणते. दुसरी एक कॉलेजात शिकणारी मुलगी, नुकतीच पंच झालेली. ही पोरगी एके काळी माझ्याच वर्गात चौथीला होती. तेव्हा फळ्यावरची तारीख बदलायचं काम तिच्याकडे असे. आता गळ्यात शिट्टी अडकवून ऐटीत उभी होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पहिल्याच पावात तिने एका संघाविरुद्ध फाउल दिला. अगदी बरोबर दिला. त्या संघाचे कोच ताडकन उठले आणि तिथून जे सुरू झाले ते थांबेचनात. तिने शिट्टी वाजवली की ओरडायचे, आणि नाही वाजवली तरी ओरडायचे. "पोरीबाळींना शिट्ट्या दिल्या की असंच होणार!" असंही म्हणून झालं. जुने पंच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांच्यापर्यंत सगळं पोचत नव्हतं. समोरच्या संघाच्या मॅडम मात्र शांत होत्या. मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या. टाइम आउटमध्ये मुलींना दोन गोष्टी सांगायच्या आणि पुन्हा खाली बसायच्या.

शेवटच्या पावातली दोनेक मिनिटं उरली होती. शांत मॅडमची एक बारकी मुलगी चेंडू घेऊन थेट रिंगखाली शिरली. मागून तिचा हात धरला गेला. माझ्या टेबलावरून तो धरलेला हात स्वच्छ दिसला. पोरीच्या ओठांपर्यंत शिट्टी गेली. तिची नजर बाकाकडे गेली. आणि शिट्टी तशीच खाली आली.

सामना एका गुणाने संपला.

मी बेरीज पडताळत होते, तेवढ्यात जिंकलेल्या संघातली एक मुलगी टेबलाशी आली. घामाने चिंब, गाल लालबुंद. स्कोअरशीटमध्ये डोकावत म्हणाली, "मॅडम, आमच्या सरांनी आवाज टाकला म्हणून जिंकलो ना आम्ही?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मुलांनो. अभिमान होता! मी तिला तिच्या नावापुढचे सहा गुण दाखवले. "हे बघ, हे तू मिळवलेले," म्हटलं. तिने मान डोलावली आणि पळाली. पण तिच्या मनात काय पक्कं बसलं असेल, ते मला दिसत होतं. दोन महिने उन्हात पळून, शेकडो वेळा चेंडू आपटून मिळवलेला विजय तिने स्वतःच सरांच्या आवाजाच्या खात्यावर जमा करून टाकला होता. स्कोअरशीटमध्ये गुणांना रकाना आहे, फाउलला आहे, टाइम आउटलाही आहे. असल्या नुकसानीला रकाना नाही.

आणि ती माझी पंच पोरगी? ती टेबलामागे येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, शिट्टी वाजवायचीच भीती वाटायला लागली होती." जुने पंच शेजारी बुटांच्या नाड्या सोडत होते. ते तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, तू बाकाकडे बघून शिट्टी वाजवत होतीस. खेळाकडे बघून वाजव. बाकाचं काय करायचं ते नियमात लिहिलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी दुसरा सामना होता. कोच वेगळे, पण सवय तीच. या वेळी तिने पहिल्या आरोळीलाच खेळ थांबल्यावर जवळ जाऊन शांतपणे समज दिली. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा शिट्टी वाजवली आणि एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवून इंग्रजी 'टी' करून दाखवला. टेक्निकल फाउल! असा फाउल झाला की समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो. कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल असे दोन झाले तर त्यांना मैदान सोडावं लागतं. मी कोचच्या नावापुढच्या चौकोनात ठळक 'सी' लिहिला. लाल पेनाने! कोच खाली बसले आणि उरलेला सामना मुलींनी खेळला.

आता तुम्ही त्या कोचना अगदी खलनायक ठरवू नका हं. त्यांचीही बाजू आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धांत वरच्या पातळीवर पोचणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. एका सामन्यावर एखाद्या मुलीची पुढची वाट अवलंबून असते. शाळा विचारते, पालक विचारतात, "सर, या वर्षी काय झालं?" मग कोचला वाटतं, माझ्या मुलींसाठी मी भांडलंच पाहिजे. ही माया खरी असते. पण समोरच्या बाकावरही कुणाच्या तरी मुलीच बसलेल्या असतात ना!

मोठमोठ्या कोचनाही हा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या एन.बी.ए. या बास्केटबॉल संघटनेच्या स्पर्धेत फिल जॅक्सन यांनी कोच म्हणून तब्बल ११ विजेतेपदं मिळवली. २०१० मध्ये एका मालिकेच्या आधी ते पत्रकारांना म्हणाले, की समोरच्या संघातल्या केविन ड्युरँटला पंच झुकतं माप देतात. म्हणजे आपला तिसरा प्रकार, कानात घालून ठेवायचा! फक्त इथे कान अख्ख्या देशाचे होते. संघटनेने त्यांना ३५,००० डॉलर दंड केला. त्याआधी २३ फेब्रुवारी १९८५ ला इंडियाना विद्यापीठाचे कोच बॉब नाइट यांनी तर चिडून बाकाजवळची लाल खुर्चीच मैदानात भिरकावली! त्यांना बाहेर जावं लागलं आणि त्यांचा संघही तो सामना हरला.

आपल्या भारताच्या वाट्यालाही असा एक दिवस आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ५ ऑगस्ट २०२१ ला, आपला मल्ल दीपक पुनिया कांस्यपदकाची कुस्ती हरला. त्याचे परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव्ह यांनी नंतर पंचांना गाठून मारहाण केली. त्यांना स्पर्धेतून हाकलण्यात आलं. दीपक जीव तोडून लढला होता, पण दुसऱ्या दिवशी चर्चा कुस्तीपेक्षा त्या मारहाणीचीच झाली.

कबड्डीचं एक उदाहरण मात्र मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण त्यात आपण जिंकलो होतो. ७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझू, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण. आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदारही त्या संघात होता. गुण २८-२८. पवन सेहरावतच्या एका चढाईवरून वाद पेटला. जुना नियम लावायचा की नवा? निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर बसले, दोन्हीकडचे लोक पंचांभोवती जमले, सामना तासभर बंद! शेवटी निर्णय आपल्या बाजूने लागला आणि आपण ३३-२९ ने सुवर्णपदक घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या. पण वर्गात मी विचारते, "समजा तुम्ही इराणमधल्या एखाद्या शाळेत शिकत असता, तर त्या तासाबद्दल तुम्हाला काय वाटलं असतं?" वर्ग एकदम गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, नियम आधीच नीट ठरवून ठेवायला पाहिजे होता." शाब्बास! माझंही तेच म्हणणं आहे.

मग पंच चुकले तर काय मुकाट बसायचं? मुळीच नाही. पंच माणूस आहे, चुकणारच. पण विचारणं वेगळं आणि दबाव टाकणं वेगळं. ओळखायचं कसं, ते सांगते. "सर, हा फाउल कशाचा होता?" या प्रश्नाला उत्तर असतं. उत्तर मिळालं की माणूस थांबतो. "सर, दिसत नाही का?" याला उत्तर काय देणार? ते बोलणं झालेल्या शिट्टीसाठी नसतंच. ते पुढच्या शिट्टीसाठी पेरलेलं असतं.

शहाण्या लोकांनी तक्रारीलाही नियमात जागा करून ठेवली आहे. बास्केटबॉलमध्ये निकालाविरुद्ध दाद मागायची असेल तर सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना कळवायचं आणि स्कोअरशीटवर कर्णधाराने सही करायची. त्यासाठी खाली वेगळी जागाच असते. एन.बी.ए.ने २०१९-२० च्या हंगामापासून कोचला निर्णयाला आव्हान द्यायची सोय केली. पण आव्हान चुकलं की एक टाइम आउट गमवावा लागतो. कुस्तीत मल्लाच्या बाजूने प्रशिक्षक मॅटवर एक मऊ ठोकळा टाकतात. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण. क्रिकेटमधला रिव्ह्यू तर तुम्हाला तोंडपाठ आहे! या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आव्हानाला किंमत मोजावी लागते, म्हणून माणूस आधी विचार करतो. ओरडायला काही लागत नाही, म्हणून तो ओरडतच राहतो.

आणि कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने काय करावं, याचं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी १९८१ मधल्या मेलबर्न कसोटीची गोष्ट घरच्या मोठ्यांना विचारा. सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता असं त्यांचं म्हणणं. ते इतके संतापले की जोडीदार चेतन चौहान यांनाही घेऊन मैदानाबाहेर निघाले. दोघंही सीमारेषा ओलांडून गेले असते तर सामनाच सोडून दिल्यासारखा झाला असता! तेव्हा संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी सीमारेषेशी आले. पंचांशी भांडायला नाही, आपल्याच माणसांना आवरायला. चौहान परत फिरले, खेळ सुरू राहिला. पुढे काय झालं? ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत गुंडाळून भारताने ती कसोटी ५९ धावांनी जिंकली! झाल्या प्रकाराबद्दल गावसकरांनी पुढे खेदही व्यक्त केला. सीमारेषेशी आलेल्या त्या एका माणसाने पंचांना एक शब्दही न ऐकवता आपल्या संघाचं केवढं भलं केलं बघा.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना पंच कोण होतं? मला ठाऊक आहे. ज्याला कुणी खेळायला घेत नाही तो कच्चा लिंबू! त्याला स्टंपांमागे उभं करायचं आणि त्याने बोट वर केलं की सगळ्यांनी त्याच्या अंगावर धावून जायचं. "ए, तुला काय कळतं रे?" मग पुढच्या वेळी तो आधी मोठ्या पोरांच्या तोंडाकडे बघतो आणि मगच आउट देतो. कुणाला आउट देतो? जो हळू बोलतो त्याला!

म्हणून एक काम सांगते. पुढच्या रविवारी तुमच्यातल्या सगळ्यांत दांडग्या, सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या खेळाडूला दहा मिनिटं पंच करा. खेळायचं नाही, नुसती पंचगिरी. बाकीच्यांनी नेहमीसारखं खेळायचं. दहा मिनिटांनी त्याला विचारा, कसं वाटलं? आणि मग कच्च्या लिंबूला पुन्हा पंच करून बघा, की या वेळी त्याच्या अंगावर कोण धावून जातं आणि त्याच्या बाजूने कोण उभं राहतं.

काय घडलं ते मला पत्राने जरूर कळवा. वहीचं पान फाडून लिहिलंत तरी चालेल. आणि हो, माझी ती पंच पोरगी अजून शिट्टी वाजवते. मागच्या हिवाळ्यात मुलांच्या सामन्यात ती मुख्य पंच होती आणि टेबलाशी मी होते. दोन्ही कोच अधूनमधून उठत होते, काहीबाही बोलत होते. ती खेळाकडे बघत होती.